जुनी काळी सायकल चालवायला सोपी कशी करावी

आजोबांची अ‍ॅटलस किंवा रॅले माळ्यावरून खाली उतरते, हौसेने पहिली चक्कर होते आणि दोन गोष्टी दुखायला लागतात: बूड आणि गुडघे. लगेच कोणीतरी सुचवतं, गिअर बसव, जेलचं कव्हर टाक. जरा थांबा. ही सायकल मुळात कच्च्या रस्त्यांसाठीच घडवलेली आहे. पुढचा चिमटा चांगला कलता, दोन चाकांत भरपूर अंतर, त्यामुळे खड्ड्याचा दणका बराचसा वाटेतच जिरतो. फ्रेम कापायची नाही, वेल्डिंग करायचं नाही. जे काढाल ते डब्यात जपून ठेवा.

सुरुवात ओव्हरऑइलिंगने, म्हणजे सायकल खोलून, साफ करून नवं ग्रीस भरण्याने. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते रॉकेलने धुऊन छर्रे (बेअरिंगमधल्या लोखंडी गोळ्या) तपासा, खडबडीत झालेले बदला. पुढचं चाक उचलून हलकेच फिरवा. जड बाजू आपोआप खाली येऊन चाक डुलत डुलत थांबलं, तर कोन (चाकाच्या धुरीवरचे, छर्रे दाबून धरणारे शंकूसारखे नट) बरोबर बसलेत. मध्येच अडकून थांबलं, तर जास्त आवळलेत. एवढ्या एका कामाने निम्मा त्रास जातो, असा माझा अनुभव आहे.

क्रँक (पायडलचा दांडा) काढताना कॉटरपिनवर, म्हणजे क्रँक धुरीला पक्की धरणाऱ्या पाचरीसारख्या पिनवर, थेट हातोडा घालू नका, आटे चेपतात. नट पिनच्या टोकापर्यंत सैल करा, क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेकू द्या आणि मग एकच नेमका ठोका. काढलेली पिन परत वापरू नये. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तेही ध्यानात ठेवा.

मग सीट. टाच पायडलवर टेकवून पायडल सर्वांत खाली न्या; पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे सीट बहुतेक वेळा फार खाली ठेवतात, आणि गुडघे दुखण्याचं एक मोठं कारण तेच. चामड्याची स्प्रिंगवाली सीट असेल तर ती टाकू नका. ताठ बसून चालवताना सगळं वजन मागे येतं, त्याला हीच रुंद सीट मानवते. झोळ पडला असेल तर नाकाखालचा नट पाव-पाव आटा फिरवून ताण द्या. तेल मात्र चोपडू नका. चामडं मऊ होऊन आणखी लोंबतं.

हँडल सीटच्या पातळीला किंवा इंचभर वर घ्या. हँडलच्या उभ्या दांडीची किमान अडीच इंच लांबी फ्रेमच्या नळीत राहिलीच पाहिजे. रॉडब्रेक (तारेऐवजी लोखंडी सळ्यांनी ओढले जाणारे ब्रेक) असतील तर हँडल उचलल्यावर रॉडही नव्याने जुळवावे लागतात.

चढावर दम लागत असेल तर पुढे गिअर बसवण्याऐवजी मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) बदला. या सायकलींना पुढे सहसा ४८ दाते आणि मागे १८ असतात. पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ६ मीटर जाते. मागे २२ दात्यांचं बसवलं की तेच अंतर ५ मीटरच्या आत येतं. वेग थोडा घटतो, पण पुण्या-साताऱ्याकडचे चढ उतरून ढकलत न्यावे लागत नाहीत. चेन एक इंच जास्त लागेल, नाहीतर धुरीच्या खाचेत जागा असल्यास मागचं चाक अर्धा इंच पुढे सरकवा.

टायर २८ × १½ चेच घ्या. आधुनिक ७०० सी रिम दिसायला जवळची वाटते, पण तिचा व्यास ६२२ मिलिमीटर आणि जुन्या रिमचा ६३५, टायर अदलाबदल होत नाही. शिवाय रॉडब्रेकची रबरं रिमच्या आतल्या कडेवर दाबतात, तशी कड नव्या रिमला नसते. रबरं दगडासारखी टणक झालेली असतील तर ती नवीच टाका. पावसात ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा अंतर राखूनच चालवा.

सगळं जोडल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर घरी येऊन कॉटरचे नट पुन्हा आवळा. नवी पिन बसताना थोडी सैल होते, आणि तशीच चालवली तर क्रँकचं भोक खराब होतं.