हिवाळ्याचं सरपण एप्रिलमध्ये भरा

अमेरिकेच्या व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मेन या भागात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना हीटिंग ऑइलचं पहिलं बिल आलं की वुड स्टोव्ह, म्हणजे घर गरम ठेवणारी लाकडाची बंद शेगडी, सुचतो. तोवर जानेवारी उजाडलेला असतो आणि बाजारात उरतं ते बहुतेक ओलं लाकूड. म्हणून तयारी बर्फ वितळल्यावर लगेच सुरू करा. कोकणात पावसाआधी सरपण भरतात, तसंच. फक्त इथे ते सुकायला अख्खा उन्हाळा तरी द्यावा लागतो.

आधी लाकूड, मग स्टोव्ह. ताज्या तोडीच्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी आटवण्यातच ऊब जाते आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते. धुराडं पेटतं ते या काजळीमुळे. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. तो मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. बाहेरून मोजलंत तर फसाल. ॲश, बर्च एका उन्हाळ्यात बऱ्यापैकी सुकतात, ओकला दोन लागतात. खरेदी कॉर्डच्या मापानेच करा: नीट रचलेली ४ फूट उंच, ४ फूट रुंद, ८ फूट लांब रास, म्हणजे १२८ घनफूट. ‘ट्रकभर’ हे माप नव्हे, आणि ‘फेस कॉर्ड’ म्हणजे बहुधा कॉर्डचा तिसरा हिस्सा. सुक्या ओक-मेपलचा एक कॉर्ड चांगल्या स्टोव्हमध्ये अंदाजे १३० गॅलन तेलाचं काम करतो. आपल्या गावातले दोन्ही भाव काढून हिशेब मांडा, आणि लाकूड महाग पडत असेल तर हा बेत खुशाल सोडा. लाकूड जवळपासचंच घ्या. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेली ॲशची झाडं पोखरणारी कीड सरपणाच्या वाहतुकीतूनही दूरवर पसरली आहे. रास पॅलेटवर (सामान ठेवायच्या लाकडी चौकटीवर) रचा, वरून ताडपत्री टाका, बाजू मात्र वाऱ्याला उघड्या ठेवा.

स्टोव्ह जुना, स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. अमेरिकेत धुराचे केंद्रीय नियम १९८८ पासून आले आणि २०२० मध्ये आणखी कडक झाले. १९८८ आधीचे बरेच स्टोव्ह लाकूड जास्त खातात आणि धूरही जास्त सोडतात. स्टोव्हच्या मागच्या पट्टीवर भिंतीपासून किती अंतर हवं ते लिहिलेलं असतं. पट्टीच नसेल तर ३६ इंच धरून चाला. परवानगीसाठी गावच्या कचेरीत आणि विमा कंपनीकडे स्टोव्ह बसवण्याआधी विचारा.

धुराड्यावर पैसे वाचवू नका, ही माझी कळकळीची विनंती. जुन्या विटांच्या धुराड्यात स्टीलचा लायनर, म्हणजे आतून बसणारी नळी, घालून घ्या. धुराडं छपरातून निदान ३ फूट वर आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याहून २ फूट उंच हवं. सफाई दरवर्षी, हिवाळ्याआधी. सप्टेंबरनंतर सफाईवाले मिळणं कठीण, म्हणून वेळ उन्हाळ्यातच ठरवा. रात्रभर पुरावं म्हणून स्टोव्हची हवा पार बंद करून लाकूड धुमसत ठेवायची सवय लावून घेऊ नका, काजळी सगळ्यात जास्त त्यानेच धरते.

धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ लावा. आपल्या स्वयंपाकघरांसाठी एक खास गोष्ट: फोडणीच्या वेळी जोरात चालणारा एक्झॉस्ट पंखा बंद घरातली हवा बाहेर ओढतो आणि स्टोव्हचा धूर उलटा खोलीत येऊ शकतो. तेवढा वेळ जवळची खिडकी बोटभर उघडी ठेवा. रांगतं मूल असेल तर चहूबाजूंनी जाळी हवीच. घरात कुणाला दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. राखेसाठी घट्ट झाकणाची पत्र्याची बादली घ्या आणि ती लाकडी डेकवर न ठेवता घरापासून लांब, उघड्या जमिनीवर ठेवा. राखेखालचे निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात.