धुक्याच्या सकाळी हवेचा आकडा वाचताना या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन पक्ष पडतात. एक जण सकाळी सातला बाल्कनीतल्या मीटरचा फोटो टाकतो, पीएम २.५, म्हणजे हवेतले अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण, दीडशेच्या वर. लगेच दुसऱ्याचं उत्तर, "अहो, काही नाही, धुकं आहे ते." दोघांचंही अर्धं बरोबर असतं, म्हणून वाद मिटत नाही.

हवेतल्या सूक्ष्म कणांत अमोनियम सल्फेट, अमोनियम नायट्रेट असे क्षार असतात. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं, तसेच हे क्षार हवेतला ओलावा ओढतात. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली की अमोनियम सल्फेटच्या कोरड्या कणाचा थेंब होतो. ९० टक्क्यांना त्याचा व्यास पावणेदोनपट, म्हणजे घनफळ पाचपटीच्या घरात जातं. शिवाय एकदा भिजलेला कण ८० खाली आल्याबरोबर सुकत नाही. आर्द्रता ४०च्या आसपास उतरेपर्यंत ओलाच राहू शकतो.

सातचा आकडा जसाच्या तसा धरणं

घरगुती मीटरमध्ये एक छोटा पंखा आणि लेझर असतो. कणांवरून किती प्रकाश विखुरला यावरून तो वजनाचा अंदाज बांधतो. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, आणि त्यातलं पाणीही मीटर प्रदूषणात मोजतो. सरकारी केंद्रांवरच्या यंत्रांत हवा सहसा आधी गरम करून कोरडी केली जाते, म्हणून दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. त्यात आपल्याकडची पीएम २.५ची घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी आहे. सातच्या आकड्याशी तिची तुलनाच नको.

मग नेटवरचं एखादं सूत्र लावून भागाकार करायचा का? तेही नको. रस्त्याची माती किंवा ताजी काजळी पाणी फारसं ओढत नाही, क्षार भरपूर ओढतात. द्वारका चौकातली धूळ आणि गोदाकाठची ओलसर धुरकट हवा यांना एकच सूत्र लागू होणार नाही. त्यापेक्षा आर्द्रतेचा आकडा शेजारी लिहून ठेवा, दुपारचं रीडिंगही घ्या आणि जवळच्या सरकारी केंद्राच्या दिवसभराच्या सरासरीशी ताडून बघा. मीटर गिझरच्या किंवा स्वयंपाकघराच्या वाफेत येत नाही ना, हेही बघा.

"नुसतं पाणीच तर आहे"

ही चूक पहिलीपेक्षा महागात पडते. कोळसा जळाला की सल्फर डायऑक्साइड निघतो. आपल्याकडे एकलहऱ्याचं वीज केंद्रही कोळशावरच चालतं. हा वायू ओल्या कणात विरघळतो आणि तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड, ओझोन किंवा नायट्रोजन डायऑक्साइडच्या संगतीने त्याचं सल्फेट होतं. वाहनांच्या धुरातून रात्री तयार होणारा डायनायट्रोजन पेंटॉक्साइड ओल्या कणावर आदळला की नायट्रिक आम्ल बनतं. खतांतून आणि गोठ्यांतून आलेला अमोनिया त्याला भेटतो आणि अमोनियम नायट्रेट तयार होतं. थंडी आणि ओल त्याला मानवते. क्षार वाढले की कण आणखी पाणी ओढतो, आणि पाणी वाढलं की पुढच्या रसायनाला आणखी जागा मिळते. लंडनच्या डिसेंबर १९५२च्या जीवघेण्या धुरक्यात धुक्याच्या थेंबांतच सल्फेट साचत गेलं, आणि त्यात नायट्रोजन डायऑक्साइडचा हात होता असं २०१६ साली एका संशोधनाने मांडलं.

ऊन चढलं की पाणी उडतं, काही नायट्रेटही वायू होऊन जातं. पण रात्रीत तयार झालेलं सल्फेट कोरडं होऊन हवेतच उरतं. म्हणून आकडा खाली आला म्हणजे आधीचं सगळं खोटं होतं, असा अर्थ काढू नका.

निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. बाग वाचवायची तर शेतकरी तरी काय करणार? शहरात मात्र पहाटे पालापाचोळा आणि प्लास्टिक जाळायला असं कुठलंच कारण नाही. जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं, त्याखाली तो धूर वर जात नाही, ओल्या कणांतच मिसळतो.

फवारा आणि ह्युमिडिफायर

रस्त्यावर पाणी मारल्याने जाडी धूळ बसते, तेवढं चांगलंच. पीएम २.५चे बहुतेक कण मात्र थेंबाला वळसा घालून निघून जातात.

आणि बेडरूममधल्या प्युरिफायरचा दिवा अचानक लाल झाला, तर आधी अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर, म्हणजे पाण्याचे बारीक थेंब हवेत सोडणारं यंत्र, बंद करून बघा. बोअरचं जड पाणी घातलं असेल, तर त्यातले क्षार थेंबांबरोबर उडतात आणि पाणी सुकल्यावर खोलीत खरीखुरी बारीक धूळ राहते. डिस्टिल्ड पाणी वापरा, नाहीतर यंत्र कपाटात ठेवा.