ठाण्यातील कॅथलिक प्राथमिक शाळेत धर्मशिक्षण शिकवताना

ठाण्यातील एका कॅथलिक प्राथमिक शाळेत मी बरीच वर्षे तिसरी-चौथीच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवते. डी.एल.एड. करून नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकांच्या वेळापत्रकात हा तास आला की त्या बावरतात, कारण पदविकेच्या अभ्यासक्रमात या विषयाची तयारी झालेली नसते. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

पहिली गोष्ट व्यवस्थेची. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला बसतात, तेव्हा वर्गातील इतर मुलांना मूल्यशिक्षण दिले जाते. संविधानाच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा अधिकार दिला आहे. मात्र २८व्या कलमानुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणास बसवायचे असल्यास पालकांची संमती आवश्यक असते. म्हणून हजेरीपटावरील आडनावे पाहून मुलांची विभागणी कधीही करू नये. नगर जिल्ह्यातून आलेले साळवे किंवा गायकवाड कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक असू शकते, आणि डिसोझा आडनावाच्या मुलाच्या पालकांनी संमती दिलेली नसू शकते. कार्यालयातील नोंद पाहूनच यादी करावी.

दुसरी गोष्ट मर्यादेची. प्रथम ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे मिस्सेत पहिल्यांदा पवित्र भाकर स्वीकारण्याची, तयारी मुले साधारण याच वयात करतात, पण ती पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) रविवारच्या वर्गात आणि घरी होते. शाळेने त्याला पूरक राहावे. फादर व पॅरिशचे शिक्षक कोणता भाग घेत आहेत हे आधी विचारून घ्यावे. धर्मशिक्षकांची नेमणूक करण्याचा किंवा तिला मान्यता देण्याचा अधिकार कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, ८०५व्या कलमाने स्थानिक बिशपांना दिलेला आहे, त्यामुळे वर्गात आपण ख्रिस्तसभेची (चर्चची) शिकवण सांगत असतो, स्वतःची मते सांगत नसतो, याचे भान ठेवावे लागते.

‘नमो मरिया’ किंवा दहा आज्ञा मुले चटकन पाठ करतात आणि त्यामुळे शिकवून झाले असे वाटू लागते. माझ्या मते खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि त्यासाठी उपासनेच्या वर्षाइतका, म्हणजे चर्चच्या सणांच्या व काळांच्या वार्षिक चक्राइतका, चांगला आधार दुसरा नाही. उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापूर्वी मी मुलांना घरच्या आल्तारावरील (देव्हाऱ्यातील), मागच्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेली झावळी आणायला सांगते. कोणी क्रुसाच्या आकारात विणलेली आणते, कोणाची तसबिरीमागे राहून पिवळी पडलेली असते. मुले ती हातात घेतात, एखादे पान मोडते, आणि मग अशाच जुन्या झावळ्या जाळून कपाळावर लावायची राख तयार होते हे मी सांगते. येशूच्या स्वागताला धरलेले हिरवे पान वर्षभरात राख होते, एवढे समजले की उपवासकाळाची चाळीस दिवसांची गणती, त्यात रविवार का मोजत नाहीत, हे सगळे मुले आपण होऊन विचारतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे भागातील मूळच्या कॅथलिक समाजाची) कुटुंबे आगेरा हा सुगीचा सण साजरा करतात, तेव्हा भाताच्या नव्या लोंब्यांवरूनही असाच पाठ घेता येतो. इमारतीत वाढलेल्या मुलांना लोंबी प्रत्यक्ष दाखवावी.

ठाण्याचा स्वतःचा इतिहासही हाताशी आहे. १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस हे फ्रान्सिस्कन धर्मप्रसारक आणि त्यांच्या तीन सोबत्यांना याच ठाण्यात हौतात्म्य आले. चौथीच्या मुलांना हे अवश्य सांगावे, परंतु त्यांच्या धैर्यावर आणि प्रार्थनेवर भर द्यावा. कोणत्याही समाजाविषयी कडवटपणा मुलांच्या मनात जाईल असा एकही शब्द येऊ देऊ नये.

सर्वांत कठीण असतात ते प्रश्न. आईकडचे नातेवाईक हिंदू असलेल्या एका मुलीने मला विचारले होते, “टीचर, माझ्या आजीचा बाप्तिस्मा झाला नाही, मग ती स्वर्गात जाणार नाही का?” अशा वेळी “नंतर सांगते” म्हणू नये. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे जगभरातील कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले आहे, आणि प्रामाणिकपणे देवाचा शोध घेणाऱ्यांनाही तारण मिळू शकते अशी तिची शिकवण आहे. मी त्या मुलीला एवढेच म्हटले की देव तुझ्या आजीला तुझ्यापेक्षाही जास्त ओळखतो आणि तिच्यावर प्रेम करतो. हे उत्तर तिच्या वयाला पुरेसे होते आणि शिकवणीला धरूनही होते. नव्या शिक्षिकेने अशा प्रश्नांची तयारी पाठाच्या टाचणाइतकीच गांभीर्याने करावी.

मूल्यशिक्षणाच्या तासाबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. जी शिक्षिका मोकळी असेल तिच्याकडे हा तास सोपवायचा आणि त्यात गणिताचे राहिलेले स्वाध्याय पूर्ण करून घ्यायचे, ही प्रथा अन्यायकारक आहे. या मुलांचे पालकही आपल्यावर विश्वास ठेवूनच त्यांना येथे पाठवतात. धर्मशिक्षणात जखमी परक्याला मदत करणाऱ्या भल्या शोमरोन्याची गोष्ट असेल त्या आठवड्यात मूल्यशिक्षणात संवेदनशीलता घ्यावी, म्हणजे मधल्या सुट्टीत डबा खाताना दोन्ही गटांतील मुलांना एकमेकांशी बोलायला समान विषय मिळतो. त्यासाठी जूनमध्येच मुख्याध्यापिकांशी बोलून दोन्ही तासांचे वार्षिक नियोजन एकत्र बसून करावे आणि मूल्यशिक्षणासाठी वर्षभर एकच शिक्षिका नेमून घ्यावी.