लेक डिस्ट्रिक्टच्या पावसातून गाडी घरी कशी आणावी

लेक डिस्ट्रिक्ट या वायव्य इंग्लंडमधल्या डोंगर-तळ्यांच्या भागात, बॉरोडेल खोऱ्यातली सीथवेट ही इंग्लंडमधली सर्वांत पावसाळी वस्ती, वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर. जवळच्या केझिक गावाकडे सुट्टी काढून मँचेस्टर-बर्मिंगहॅमला परतताना पाऊस गाठणार, हे धरूनच निघा. डिसेंबरात तर दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो.

रस्ता आधी ठरवा. दक्षिणेला जायला नकाशावर ए५९१ जवळचा दिसतो. तो डनमेल रेझची खिंड चढून विंडरमिअरकडे उतरतो. डिसेंबर २०१५ च्या डेझमंड वादळात हाच रस्ता वाहून गेला आणि मे २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाला. पाऊस जोराचा असेल तर केझिकहून ए६६ ने पेनरिथ गाठा आणि तिथे ४० नंबरच्या जंक्शनला एम६ हा मोटरवे धरा. फेरा पडतो, पण रस्ता रुंद. जीपीएसने सुचवलेली गल्लीवजा 'जवळची वाट' अशा दिवशी नकोच.

निघण्यापूर्वी टायरची नक्षी बघा. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. २० पेन्सचं नाणं खाचेत उभं धरा. त्याची बाहेरची कड दिसली तर टायर तपासून घ्या. ओले कोट, बूट डिकीत टाका, नाहीतर काचेवर वाफ धरते. तरीही धरली तर एसी चालू ठेवून गरम हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. हेडलाइट हाताने लावा. बऱ्याच गाड्यांत दिवसाचे दिवे फक्त पुढे लागतात, मागे अंधारच.

वेग. पांढऱ्या वर्तुळात काळी तिरपी पट्टी दिसली की मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कारला कमाल वेग ताशी ६० मैल. तेवढ्या वेगात गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर ७३ मीटर लागतात, ओल्यावर किमान दुप्पट. दगडी बांधांमधल्या वळणावर एवढं पुढचं दिसतच नाही. म्हणून दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल असा वेग ठेवा, आणि एकपदरी गल्लीत त्याच्या निम्म्या अंतरात. ट्रॅक्टरने आणलेला चिखल आणि कुजलेला पालापाचोळा वळणांवरच साचतो, तिथे ब्रेक वळणाआधी.

रस्त्यावर पाणी असेल तर थांबून आधी बघा. वाहतं पाणी ३० सेंटिमीटर असलं तरी गाडी ढकलली जाऊ शकते. खोली कळत नसेल तर मागे फिरा. उथळ आहे अशी खात्री असेल तर समोरची गाडी आधी येऊ द्या, मग रस्त्याच्या मधोमध, पहिल्या गियरमध्ये, एकाच संथ वेगाने जा. मध्ये रस्ता थोडा उंच असतो. पलीकडे गेल्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबून वाळवा. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका: हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

एकपदरी गल्लीत समोरून कोणी आलं तर. वाट देण्यासाठीची रुंद जागा डावीकडे असेल तर तिच्यात शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा. चढणाऱ्या गाडीला वाट द्या. आपल्याकडे डिपर मारला की 'मी येतोय, थांब'. इथे बहुतेक वेळा 'तुम्ही या'. नियमाप्रमाणे मात्र त्याचा अर्थ फक्त 'मी इथे आहे', म्हणून गाडी खरंच थांबली की नाही ते बघूनच पुढे सरका. घोडेस्वार दिसला तर ताशी १० मैलांच्या आत, किमान २ मीटर अंतर ठेवून.

एम६ वर ट्रकच्या तुषारांनी काही दिसेनासं होतं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की 'एक हजार एक' पासून मोजायला लागा. 'एक हजार चार' पूर्ण होण्याआधी तुम्ही तिथे पोहोचलात तर फार जवळ आहात. स्टिअरिंग एकदम हलकं लागलं तर टायर पाण्यावर तरंगतायत: ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, ब्रेक मारू नका. मागचा फॉग लाइट १०० मीटरपलीकडचं दिसू लागताच बंद करा, त्याच्या झगमगाटात तुमचा ब्रेकलाइट मागच्याला कळत नाही.