कृष्णधवल फिल्मवर रंगीत फिल्टर: नवशिक्यांसाठी

जांभ्याची तांबडी भिंत आणि तिच्यावर चढलेली हिरवी वेल डोळ्यांना सहज वेगळी दिसते. कृष्णधवल फिल्मवर मात्र दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरू शकतात, आणि मग फोटोत ना भिंत उठून दिसते ना वेल. लेन्सवर लावायच्या रंगीत काचेचं, म्हणजे फिल्टरचं, खरं काम इथे आहे. तो आपल्या रंगाचा प्रकाश आत सोडतो आणि विरुद्ध रंगाचा अडवतो. लाल फिल्टर लावला की जांभा उजळतो आणि वेल गडद होते. हिरवा लावला की नेमकं उलटं. म्हणून फिल्टर निवडताना आधी प्रश्न विचारायचा: या दृश्यातले कोणते दोन रंग मला वेगळे हवे आहेत?

बहुतेक नवशिके आकाश काळंभोर करायला थेट लाल फिल्टर घेतात. आमचा आग्रह आहे की सुरुवात पिवळ्यापासून करा. साध्या पॅनक्रोमॅटिक (सगळ्या रंगांचा प्रकाश नोंदवणाऱ्या) फिल्मला निळा प्रकाश जास्त जाणवतो, त्यामुळे निळं आकाश पांढुरकं येतं आणि ढग त्यात हरवतात. ८ क्रमांकाचा पिवळा फिल्टर ते आकाश डोळ्यांना दिसतं त्याच्या जवळ आणतो. २१ क्रमांकाचा नारिंगी त्याहून गडद करतो, दूरच्या डोंगरांवरचा धुरकटपणाही कमी करतो. २५ क्रमांकाचा लाल तर नाट्यमय परिणाम देतो. मात्र आकाश मुळात निळं असायला हवं. जुलैत सह्याद्रीवर भरून आलेलं पांढरं आभाळ कोणत्याही रंगीत फिल्टरने गडद होत नाही, आणि क्षितिजालगतची फिकट पट्टीही फारशी बदलत नाही. पाऊस सरल्यावरच्या स्वच्छ आकाशात सूर्य आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवून फोटो घेतला तर परिणाम सर्वांत चांगला दिसतो.

आता एक्स्पोजर. इथेच सर्वाधिक रोल वाया जातात. फिल्टर प्रकाश खातो, तो भरून द्यावा लागतो. ही भरपाई स्टॉपमध्ये मोजतात: एक स्टॉप वाढवणं म्हणजे प्रकाश दुप्पट करणं. दिवसाच्या उजेडात पिवळ्याला १ स्टॉप, पिवळसर हिरव्याला (क्रमांक ११) २, नारिंगीला साधारण सव्वादोन आणि लाल २५ ला ३ स्टॉप. १२५ आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) फिल्म आणि भर उन्हात शटर १/१२५ सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/१६ असं मूळ एक्स्पोजर धरा. लाल फिल्टर चढवल्यावर ते १/१२५, एफ/५.६ होईल, किंवा एफ/१६ कायम हवं असेल तर १/१५ सेकंद, म्हणजे ट्रायपॉड लागणार. हातातला मीटर वापरत असाल तर सोपा मार्ग आहे: ४०० च्या फिल्मसाठी पिवळ्याला मीटरवर २०० लावा, लालला ५०.

कॅमेऱ्यातला मीटर लेन्समधूनच प्रकाश मोजत असेल तर तो फिल्टरमधून आलेला प्रकाश मोजतो, म्हणजे भरपाई आपोआप होते. त्यावर पुन्हा आयएसओ कमी केलंत तर भरपाई दोनदा होऊन निगेटिव्ह गरजेपेक्षा घट्ट (जास्त काळी) येते. पण हा मीटरही लाल फिल्टरमागे पूर्ण भरवशाचा नाही. मीटरच्या सेलला आणि फिल्मला लाल प्रकाश सारखाच जाणवतो असं नाही, त्यामुळे फोटो अर्धा ते एक स्टॉप कमी एक्स्पोज होऊ शकतो. नारिंगी आणि लाल वापरताना फिल्टर काढून मोजा, मॅन्युअलवर नारिंगीला साधारण सव्वादोन आणि लालला ३ स्टॉप वाढवा, मग फिल्टर चढवा.

सावल्यांचा हिशेब तर वेगळाच. उघड्यावरच्या सावलीत थेट ऊन नसतं, तिथे निळ्या आकाशाचा प्रकाश येतो. लाल फिल्टर नेमका तोच अडवतो. उन्हातला भाग ठीक येतो आणि झाडाखालचा भाग सपाट काळा होतो. तिथला तपशील महत्त्वाचा असेल तर आणखी अर्धा ते एक स्टॉप द्या, नाहीतर नारिंगीवर थांबा. उलट सकाळ-संध्याकाळच्या तांबूस उन्हात आणि साध्या पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल फिल्टरला ३ स्टॉपही लागत नाहीत.

माणसांचे फोटो काढताना लाल टाळाच. त्वचा उजळून सपाट होते, ओठ फिके पडतात आणि कपाळावरचं लाल कुंकू त्वचेत जवळजवळ मिसळून जातं. पिवळसर हिरवा फिल्टर लावला तर ओठ आणि कुंकू ठळक येतात, त्वचेलाही वजन येतं. पण चेहऱ्यावरचे लालसर डागही त्यात उठून दिसतात, तेव्हा समोरच्या चेहऱ्याकडे बघून ठरवा. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश दिसतच नाही, म्हणून तिच्यावर लाल फिल्टर लावला तर निगेटिव्हवर जवळजवळ काहीच उमटत नाही.

खरेदी करताना आपल्या सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचे फिल्टर घ्या, उदाहरणार्थ ६७ मिमी, आणि ४९, ५२, ५८ मिमीच्या लेन्सवर ते स्टेप-अप रिंगने (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) बसवा. पिवळ्यावर लाल चढवून काही मिळत नाही, लाल एकटाच ते काम करतो. वर वाइड लेन्सवर कोपरे काळे पडतात. सूर्य समोरच्या बाजूला असेल तर हूड लावा, कारण जास्तीच्या काचेमुळे फ्लेअर (काचेत परावर्तित होऊन फोटोत पसरणारा प्रकाश) वाढतो.

साध्या रंगीत डिजिटल कॅमेऱ्यावर हे फिल्टर लावू नका. लाल फिल्टरमागे मुख्यतः सेन्सरचे लाल पिक्सेलच काम करतात, आणि ते एकूण पिक्सेलच्या चौथा भाग असतात. तपशील घटतो, नॉइज वाढतो. त्याऐवजी रॉ फाइल घेऊन सॉफ्टवेअरच्या ब्लॅक अँड व्हाइट मिक्सरमध्ये लाल, पिवळा, निळा यांचे स्लायडर हलवा. लायका एम मोनोक्रोमसारख्या फक्त कृष्णधवल सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यात मात्र रंगाची माहितीच नोंदली जात नाही. तिथे फिल्मसारखाच, फोटो घेण्याआधी, लेन्सवर फिल्टर लावावा लागतो.