ओपन सोर्स वापरताय आणि कंपनी लायसन्सचे पैसे मागतेय? मग हे करा

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड खुला असतो आणि लायसन्सच्या अटी पाळून कुणीही वापरू, बदलू शकतो असं सॉफ्टवेअर. ते वापरताना एखाद्या कंपनीचा 'तुमच्या सर्व्हरवर आमचा कोड चालतोय, लायसन्स घ्या' असा मेल आला तर घाबरून पैसे भरू नका आणि फोनवर काही कबूल करू नका. उत्तर लेखीच द्यायचं. कुठल्या व्हर्जनमधली कुठली फाईल, कुठल्या ओळी, आणि त्या ओळींचा कॉपीराइट त्या कंपनीकडे असल्याचा कागद कुठाय, एवढंच विचारायचं. दावा त्यांचा आहे ना, मग सिद्ध पण त्यांनीच करायचा.

हे मी इतकं ठासून सांगतोय कारण 2003 मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर केस टाकली, आमचा युनिक्सचा (जुनी ऑपरेटिंग सिस्टम) कोड लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टममध्ये घातलाय म्हणाले आणि मग थेट लिनक्स वापरणाऱ्या कंपन्यांकडे प्रोसेसरमागे 699 डॉलर मागितले, लोक म्हणत होते ओळी दाखवा, हे दाखवेनात, शेवटी लास वेगासला स्लाइडवर थोडा कोड दाखवला तर लोकांनी लगेच त्याचा माग काढला, त्यातला एक तुकडा बर्कली पॅकेट फिल्टरचा निघाला जो मुळात बीएसडी या वेगळ्या, खुल्या लायसन्सच्या सिस्टममधला. जर्मनीत तर लोकांनी पुराव्याशिवाय असं बोलायला कोर्टातून मनाई हुकूम आणला. आणि ज्या युनिक्सच्या कॉपीराइटवर सगळी मागणी उभी होती तो नॉव्हेल या दुसऱ्याच कंपनीचा आहे असं 2010 मध्ये ज्युरीने सांगितलं. ज्यांनी आधीच पैसे भरले त्यांचं काय?

आता तुमच्या बाजूची तयारी. तुम्ही नेमकं कुठलं व्हर्जन चालवताय ते बघा आणि त्याच व्हर्जनसोबत आलेली लायसन्सची फाईल उघडा, कंपनीच्या साइटवरचं आजचं पान नाही. ओपन सोर्स लायसन्सखाली एकदा दिलेलं व्हर्जन कंपनीने पुढे लायसन्स बदललं म्हणून परत काढून घेता येत नाही. रेडिस या डेटाबेसने मार्च 2024 मध्ये लायसन्स बदललं, पण त्याचं 7.2 व्हर्जन बीएसडी या ओपन सोर्स लायसन्सखालीच राहिलं आणि त्यातूनच व्हॅल्की हा वेगळा ओपन सोर्स प्रोजेक्ट उभा राहिला.

कोड चोरला असा आरोप असेल तर गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) इतिहास काढा, गिट ब्लेम ही प्रत्येक ओळ कुणी कधी घातली ते दाखवणारी कमांड चालवा, कुठली ओळ कधी आणि कुठून आली ते शेजारी शेजारी मांडा. एप्रिल 2024 मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने तिच्या टेराफॉर्म या सॉफ्टवेअरच्या जुन्या कोडवरून निघालेल्या ओपनटोफू प्रोजेक्टला कोड चोरल्याची नोटीस धाडली तेव्हा ओपनटोफूवाल्यांनी हेच केलं, तो कोड टेराफॉर्मच्या जुन्या, एमपीएल या ओपन सोर्स लायसन्सखालच्या भागातून घेतलाय हे ओळीओळीने दाखवलं. आरडाओरडा करण्यापेक्षा असं उत्तर कितीतरी भारी.

पण एक प्रामाणिकपणे सांगतो, कंपनीचं बरोबरही असू शकतं. जीपीएल (सोबत सोर्स, म्हणजे मूळ कोड, द्यायला लावणारं लायसन्स) खालचा कोड तुमच्या प्रॉडक्टमध्ये घालून विकला आणि सोर्स दिला नाही, किंवा त्यांचं नाव-लोगो वापरला, तर चूक आपली, ती आधी दुरुस्त करा. आणि सोर्स दिसतो म्हणजे ओपन सोर्स असं नसतं, बीएसएलसारख्या (बिझनेस सोर्स लायसन्स) लायसन्समध्ये प्रॉडक्शनमधल्या, म्हणजे प्रत्यक्ष कामकाजातल्या, वापरावर अटी असतात, त्या नीट वाचा.

एकट्याने भांडू नका. प्रोजेक्टचा कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरना आणि डिस्ट्रोवाल्यांना (लिनक्सचं तयार पॅकेज देणारे) कळवा, बाकी कुणाला असाच मेल आलाय का विचारा, कारण चार जणांच्या पत्रांतले दावे जुळवून पाहिले की कुठे काय लटपटतंय ते कळतं. हे सगळं जाहीर लिहायचं असेल तर फक्त कागदावर दाखवता येईल तेवढंच लिहा, तिथल्या इंजिनिअरांना शिव्या घालू नका, ते बिचारे नोटिसा पाठवत नाहीत. आणि नोटिशीत मुदत दिली असेल तर ती संपायच्या आत वकील गाठा, सोबत व्हर्जन नंबर, डाउनलोडची तारीख, लायसन्स फाईल आणि सगळे मेल एका फोल्डरात घालून न्या.