पार्किंगच्या भिंतीला पॅनल, टाइल, पुट्टी लावताय? आधी या चुका टाळा

दरवर्षी पाऊस ओसरला की फोन सुरू होतात. "भाऊ, पार्किंगच्या भिंतीला लावलेलं सगळं फुगलंय, जरा येऊन बघता का?" लातूर असो, परभणी असो की जालना, चुका त्याच. पॅनलचा रंग निवडायला दुकानात अर्धा दिवस जातो. ज्या भिंतीवर ते बसणार, तिला मात्र कुणी हात लावून बघत नाही.

ओली भिंत झाकणं

बाकी सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे, म्हणून हिच्यावर जास्त बोलतो.

आपल्याकडं घराचं जोतं दोन-अडीच फूट उंच घेतात. जमिनीची ओल वर चढू नये म्हणून घालायचा डीपीसीचा थर जोत्याच्या पातळीला असतो. पार्किंगची फरशी मात्र रस्त्याच्या पातळीला ठेवतात, कारण गाडी आत जायला हवी. म्हणजे पार्किंगमध्ये उभं राहून घराची जी भिंत दिसते, तिचा खालचा दोन-अडीच फुटांचा भाग डीपीसीच्या खाली असतो, आणि त्याच्या मागं जोत्यातली भरणी असते. तिथं ओल येणारच, त्यात गवंड्याचा दोष असेलच असं नाही. त्यात आपली काळी माती. एकदा भिजली की दिवाळी उलटली तरी पाणी सोडत नाही. ही ओल भिंतीतून बाहेर येऊन वाळते आणि सोबत आणलेले क्षार पृष्ठभागावर ठेवते. तोच लोणा. त्यावर पुट्टी मारली की पुट्टी सुटते, टाइल लावली की ओल टाइलच्या वरून डोकं काढते.

परभणीत एका निवृत्त शिक्षकांच्या घरी हेच झालं. नवी गाडी घेतली, म्हणून पार्किंगही शोभलं पाहिजे. भिंतीला लोणा होता. पॅनलवाल्या पोरानं सांगितलं, "सर, झाकून टाकू, दिसणारच नाही." स्वस्तातल्या लाकडी पट्ट्या ठोकल्या, वर पीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे पॅनल. दिवाळीत आलेल्या पाहुण्यांनी कौतुकही केलं. पुढच्या पावसाळ्यानंतर हॉलच्या दाराची चौकट पुसताना बाईंचं बोट लाकडात गेलं. मला बोलावलं तेव्हा आम्ही पॅनल काढले. मागच्या पट्ट्यांची नुसती सालं उरली होती आणि भिंतीवर उधईच्या मातीच्या नळ्या छतापर्यंत गेल्या होत्या. अंधार, ओल आणि लाकूड एका जागी मिळाल्यावर उधईला आणखी काय पाहिजे? ती चौकटीत शिरली, तिथून पुस्तकांच्या कपाटात. चौकट आणि कपाटाचा खर्च पॅनलच्या कितीतरी पट झाला. पॅनलवाला अजून म्हणतो की पॅनलला उधई लागत नाही. खरं आहे त्याचं. पॅनल शेवटपर्यंत चकाचक होते.

माझी पद्धत सांगतो. भिंत पोळ्याच्या सुमाराला बघायची, काम संक्रांतीनंतर करायचं. मेमध्ये प्रत्येक भिंत कोरडीच दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरून दव धरलं तर हवेतला दमटपणा आहे, मग खिडकी किंवा जाळी द्या. ओल भिंतीतली निघाली तर आधी बाहेर बघा: गच्चीचा पाइप भिंतीच्या पायाशीच पडतो का, हौद गळतो का, भिंतीला लागून जास्वंदाचा वाफा केलाय का. ते सुधारा आणि भिंतीपासून उतार देऊन कोबा करा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा. पाण्यानं धुतला तर तो विरघळून परत भिंतीत जातो. सडलेलं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या वर फूटभर जाईपर्यंत खरवडून काढायचं आणि भिंतीला श्वास घेऊ द्यायचा.

मग त्यावर काय लावायचं? मी अशा भिंतीला चुना मारतो. लोकांना तो गरिबीचा वाटतो, त्याला माझा इलाज नाही. चुन्यातून ओल बाहेर निघून जाते, आणि वर्षाआड पुन्हा मारायला फार पैसे लागत नाहीत. पॅनलच पाहिजे असेल तर लाकडाऐवजी जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा चॅनल लावा आणि खाली-वर हवेला फट सोडा.

आणि हो, "वॉटरप्रूफ पुट्टी" लावली की मागून येणारी ओल थांबते, हा गैरसमज दुकानातच सोडून या.

कच्च्या प्लास्टरवर घाई

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट. वास्तुशांतीची तारीख आधी ठरते, प्लास्टर नंतर होतं. सिमेंटच्या प्लास्टरला निदान सात दिवस पाणी पाहिजे आणि रंग किंवा पुट्टीच्या आधी महिनाभर वाळायला वेळ. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 42 च्या पुढं जातो आणि नेमकं तेव्हाच पाणी नसतं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा दिवसांत भिंतीला कोण पाणी मारणार? सकाळी एक बादली शिंपडली की झालं. पण अशी भिंत आतून भुगाच राहते. किल्लीनं ओरखडा काढा, रेती भुरभुर पडली तर त्या भिंतीवर जगातली महागातली टाइलसुद्धा टिकणार नाही, कारण टाइल प्लास्टरला चिकटते आणि प्लास्टरच भिंत सोडतं. टँकर परवडत नसेल तर मेमधलं प्लास्टर पुढं ढकला. उपाय एवढाच आहे. घाईच्या लोकांना तो आवडत नाही, मग तेच लोक नंतर मिस्त्रीला शिव्या देतात.

टाइलचं थोडक्यात

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून सिमेंटच्या घोळावर ती भिंतीला नीट धरत नाही. तिला टाइल अ‍ॅडेसिव्हच लावा, आणि पूर्ण पाठीवर. चार कोपऱ्यांत चार गोळे टाकून दाबणारा मिस्त्री दिसला तर तिथंच थांबवा. काम झाल्यावर नाण्यानं वाजवून बघा, पोकळ आवाज आला की टाइल काढून परत लावायला सांगा.

माझी आवड विचाराल तर भिंत कोरडी असताना खालचे चार फूट शहाबादी किंवा कोटा आणि वर बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग. दुचाकीचा पाय लागला, सायकल घासली, काही बिघडत नाही. फक्त इन्व्हर्टरची बॅटरी जिथं ठेवणार तिथं हे दोन्ही नकोत. दोन्ही चुनखडीचे दगड, अ‍ॅसिडचा थेंब पडला की डाग कायमचा.

जाड दगडाचं क्लॅडिंग डोक्याच्या वर नेताना क्लॅम्प न लावणारे बघितले की मला राग येतो. 1993 च्या भूकंपात किल्लारीत दगडामातीच्या भिंतींनी काय केलं ते या भागात कुणाला सांगायला नको.

बाकीच्या

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, पार्किंगमध्ये लावूच नका.

प्लायवूड घ्यायचंच असेल तर एमआर ग्रेड घेऊ नका. तो नुसत्या हवेतल्या दमटपणापुरता आहे.

हिरव्या रंगाचा जिप्सम बोर्डही दमट हवा सोसतो, ओली भिंत नाही. गाडी धुतल्यावर पाणी साचतं तिथं बोर्ड फरशीला टेकवू नका, बोटभर वर ठेवा. मी अशा जागी फायबर सिमेंटचा बोर्ड वापरतो. जड आहे, कापायला त्रासाचा आहे, पण भिजून फुगत नाही.

पीव्हीसी पॅनल दोन्ही टोकांना घट्ट बसवू नका. दहा फुटांची पट्टी हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत पाचेक मिलिमीटर वाढते. पत्र्याच्या शटरमागं, पश्चिमेच्या उन्हात, वाढायला जागा नाही मिळाली तर ती मधोमध पोट काढते.

फोमचे थ्रीडी स्टिकर मुलांच्या खोलीतही मला पटत नाहीत. इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जिंग पॉइंटमागं तर फोम नको आणि पीव्हीसीही नको. पीव्हीसी जळताना निघणारा धूर छातीत घेण्यासारखा नसतो. तेवढ्या भागात टाइल नाहीतर सिमेंट बोर्ड लावा.

गाडीचं दार उघडून बघा, त्याची कड भिंतीवर नेमकी कुठं लागते तिथं रबराची पट्टी मारा. हे भिंत पूर्ण झाल्यावर नव्हे, आधी मोजायचं. शेल्फ, खुंट्या आणि चार्जरच्या जागाही तेव्हाच ठरवा, म्हणजे पॅनलमागं आधार देता येतो. आणि उघड्या भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा, पाइप आणि वायर कुठून गेल्यात ते त्यात दिसलं पाहिजे.